ट्रॉम्बेचा आरसा, हॅन्लेची रात्र

आकाशदर्शनाचा नाद असलेल्या मुंबईकराला वांगणी म्हटलं की बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. पालघर जिल्ह्यातली, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातली वांगणी त्याच्या यादीत सहसा नसते. पण मार्चमध्ये अमावास्येच्या आसपास या पट्ट्यात रात्री नऊनंतर ईशान्येकडे तोंड करून उभं राहावं, एका विलक्षण वस्तूची जागा अगदी सोप्या खुणेने सापडते. सप्तर्षीतले क्रतू आणि पुलह हे दोन तारे ध्रुव दाखवतात, हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. तीच रेघ ध्रुवाकडे न नेता उलट्या बाजूला, पुलहाच्या पलीकडे न्यायची. हात लांब करून बोटं ताणली की आकाशात जेवढी वीत भरते, जवळपास तेवढं अंतर. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक मंद तारा आहे. त्याला चिकटल्यासारखी दिसणारी, प्रत्यक्षात त्याच्या मागे सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षांवर असलेली दीर्घिका म्हणजे मार्केरियन 421.

नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. बऱ्यापैकी मोठ्या दुर्बिणीतूनही तेराव्या प्रतीचा एक ठिपका, एवढंच तिचं रूप. मात्र या ठिपक्यातून अधूनमधून गॅमा किरणांचे लोट सुटतात. मे 1996 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात व्हिपल वेधशाळेच्या 10 मीटर व्यासाच्या दुर्बिणीने असा एक लोट पाहिला. तो अवघ्या अर्ध्या तासात आला आणि ओसरला, आणि चढताना त्याची तीव्रता पंधरा मिनिटांच्या आत दुप्पट झाली. ज्या प्रकाशाला इथवर यायला 40 कोटी वर्षं लागली, त्यातला हा अर्धा तास. त्या वेळी दुर्बीण दुसरीकडे वळलेली असती, किंवा ढग असते, तर तो कायमचा हुकला असता. गॅमा किरणांच्या या शास्त्रात काम करणाऱ्यांचं अर्धं आयुष्य अशा अर्ध्या तासांची वाट पाहण्यात जातं. मुंबईतल्या दोन संस्था, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, हे काम काही दशकं चिकाटीने करत आल्या आहेत. त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, याची मला खंत वाटते.

आधी हे लोट कुठून येतात ते पाहू. दीर्घिकेच्या मध्यभागी कोट्यवधी किंवा अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती फिरत आत पडणाऱ्या वायूतला काही भाग आत न जाता दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने झोतासारखा बाहेर फेकला जातो. असा झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला असला की त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. मार्केरियन 421 ब्लेझार आहे, शौरी तारकासमूहातली मार्केरियन 501 ही तिची जोडीदारीण मानावी अशी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इथून येणाऱ्या गॅमा कणाची ऊर्जा एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, किंवा त्याहूनही जास्त असू शकते.

खरं कोडं वेगाचं आहे. जव्हारकडच्या तारपा नाचात सूर बदलला की पाऊल बदलतं. पण हातात हात गुंफलेली रांग जितकी लांब, तितका तो बदल टोकाच्या माणसापर्यंत पोचायला उशीर. प्रकाश देणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लागू आहे. एखादी वस्तू दोन मिनिटांत दुप्पट उजळली, तर प्रकाश दोन मिनिटांत जेवढं अंतर कापतो त्याहून ती फार मोठी असू शकत नाही. आता मार्केरियन 501 चं कृष्णविवर शंभर कोटी सूर्यांच्या घरातलं धरलं, तर त्याची त्रिज्या सुमारे 300 कोटी किलोमीटर होते. ती ओलांडायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात. आणि कॅनरी बेटांमधल्या ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणीने 2005 च्या उन्हाळ्यात या दीर्घिकेचा गॅमा प्रकाश दोन मिनिटांत दुप्पट होताना पाहिला. पुढच्याच वर्षी, 28 जुलै 2006 च्या रात्री, नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस 2155-304 या ब्लेझारचा भडका टिपला. तीन-तीन मिनिटांत चढउतार, आणि सरासरी तेज क्रॅबच्या सातपट. (क्रॅब म्हणजे वृषभेतला खेकडा तेजोमेघ. त्याचा गॅमा प्रकाश स्थिर असल्यामुळे या क्षेत्रात तोच मापाचा दगड झाला आहे. ‘आज तीन क्रॅब आहे’ असं इथले लोक सहज बोलून जातात.)

कृष्णविवराहूनही लहान जागेतून इतकी प्रचंड ऊर्जा कशी बाहेर पडते? अर्धं उत्तर झोताच्या वेगात आहे. उगम आपल्याच दिशेने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असेल, तर तिथला दीर्घ काळ आपल्याला आकुंचित होऊन दिसतो. पण 2006 च्या भडक्यासाठी हे आकुंचन इतकं तीव्र लागतं, की रेडिओ दुर्बिणींनी मोजलेले या झोतांचे वेग त्याला पुरत नाहीत. म्हणून कुणी झोताच्या आत आणखी वेगवान छोटे झोत असतील असं मांडतो, कुणी चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना एकदम मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेकडे बोट दाखवतो. ययाति तारकासमूहातल्या आयसी 310 या दीर्घिकेत नोव्हेंबर 2012 मध्ये मॅजिकला पाच मिनिटांहूनही जलद बदल दिसले, तेव्हा खुद्द कृष्णविवराच्या लगत विजेसारखं काही घडत असावं असाही तर्क पुढे आला. माझा कल चुंबकीय रेषांच्या बाजूला आहे, कारण तीच प्रक्रिया सूर्यावरच्या भडक्यांत आपण जवळून पाहतो. पण निकाल लागलेला नाही, आणि तो लागायचा तर असे आणखी भडके, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाहायला हवेत.

ते पाहायचे कसे? उपग्रहाचा उपयोग मर्यादित आहे. 2008 मध्ये सोडलेला फर्मी उपग्रह तीन तासांत सगळं आकाश न्याहाळतो आणि कुठे काही पेटलं की जगाला कळवतो, हे त्याचं मोठंच काम. पण त्याची गॅमा किरण झेलणारी जागा जेमतेम एका चौरस मीटरच्या घरातली. क्रॅबसारख्या तेजस्वी उगमाकडूनही टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे गॅमा कण तेवढ्या जागेत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. म्हणून वातावरणालाच उपकरण करायचं. गॅमा कण वातावरणात घुसला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ते पुन्हा गॅमा कण सोडतात, त्यातून पुन्हा जोड्या, आणि बघता बघता जमिनीपासून दहाएक किलोमीटर उंचीवर कणांचा वर्षाव होतो.

या वर्षावाचं गणित 1937 मध्ये वॉल्टर हाइटलरबरोबर ज्याने मांडलं, तो मुंबईत जन्मलेला सत्तावीस वर्षांचा तरुण म्हणजे होमी भाभा. अणुभट्ट्यांचे भाभा आपल्याला माहीत आहेत. विश्वकिरणांचे भाभा त्याआधीचे आहेत आणि माझ्या मते तितकेच मोठे. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांनी 1945 मध्ये उभी केली आणि ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था 1954 मध्ये, जिला 1967 मध्ये त्यांचं नाव मिळालं. या दोन्ही ठिकाणच्या गॅमा दुर्बिणी आजही जे पाहतात ते भाभा-हाइटलर वर्षावच.

वर्षावातले हे कण हवेत प्रकाशाच्या हवेतल्या वेगाहून जलद जातात, तेव्हा निळसर चमक उमटते. 1934 मध्ये पावेल चेरेन्कोव्ह यांनी ती द्रवांमध्ये ओळखली आणि 1958 मध्ये त्यांना फ्रँक आणि टाम यांच्यासह नोबेल मिळालं. हीच निळाई 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेत सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीच्या पाण्यात दिसत असे. हवेत ती फार अंधुक असते आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरतीच टिकते. पण ती जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर रुंदीच्या वर्तुळात पसरते. त्या वर्तुळात कुठेही मोठा आरसा आणि झटपट टिपणारा कॅमेरा असला, तर वर्षाव दिसतो. एका चौरस मीटरऐवजी हजारो चौरस मीटरची झेल मिळते, ती अशी.

अडचण एवढीच की विश्वकिरणांतले प्रोटॉनही असेच वर्षाव करतात, आणि त्यांची संख्या हजार पटींनी जास्त असते. त्यातून गॅमा निवडायचा तो चित्राच्या आकारावरून. गॅमाच्या वर्षावाचं चित्र सडपातळ, लांबट, आणि त्याचा रोख उगमाकडे. प्रोटॉनचं फाटकंतुटकं, कुठल्याही दिशेला तोंड असलेलं. मायकल हिलास यांनी 1985 मध्ये या आकारांची मापं ठरवून दिली, आणि 1989 मध्ये व्हिपलने त्या मापांच्या जोरावर क्रॅब पहिल्यांदा निःसंशय टिपला. तिथून या शास्त्राला खरा आधार मिळाला.

भारतातली सुरुवात त्याच्याही आधीची. टाटा संस्थेचे लोक 1969 पासून उटीला आरसे लावून पल्सार या स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या मागावर होते. पुढे ते काम मध्य प्रदेशातल्या पचमढीला गेलं. भाभा केंद्राची एक तुकडी काश्मीरमध्ये गुलमर्गला होती. नव्वदच्या दशकात तिचं काम अबूच्या पहाडावर, गुरुशिखराजवळ, सुमारे 1300 मीटर उंचीवर आलं, आणि टॅक्टिक दुर्बीण उभी राहिली. साठ सेंटिमीटर व्यासाचे 34 आरसे मिळून साडेनऊ चौरस मीटरचा एक मोठा आरसा, समोर 349 प्रकाशनलिकांचा कॅमेरा. आजच्या मानाने हे लहानच. पण 1997 मध्ये मार्केरियन 501 ने जे महिनोन्महिने चाललेलं तांडव केलं, ते जगातल्या ज्या मोजक्या दुर्बिणींनी नोंदवलं त्यात टॅक्टिक होती. तेव्हा तर तिचा कॅमेरा पूर्णही झाला नव्हता.

फेब्रुवारी 2010 मध्ये मार्केरियन 421 पेटली. 16 फेब्रुवारीच्या रात्री अबूवरून टॅक्टिकने तिचा जोर नोंदवला. त्याच दिवसांत लडाखमधल्या हॅन्लेहून हॅगारनेही तोच भडका पाहिला. हॅगार ही टाटा संस्था आणि बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची, सात दुर्बिणींची मांडणी. प्रत्येक दुर्बिणीवर सात आरसे, आणि 2008 पासून पूर्ण स्वरूपात चालू. तिची रीत वेगळी आहे. ती चित्र काढत नाही. निळी लाट कुठल्या दुर्बिणीला कधी लागली याच्या वेळा मोजून दिशा काढते. दोन मुंबईकर संस्था, दोन डोंगर, दोन पद्धती, आणि एकच भडका. 17 तारखेला अ‍ॅरिझोनात रात्र झाली तेव्हा तिथल्या व्हेरिटास दुर्बिणींनी त्याचा कळस मोजला, तो टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर सुमारे 27 क्रॅब. या तिन्ही नोंदी एकापुढे एक ठेवल्या, तरच त्या भडक्याची चढण कळते. अबू आणि हॅन्लेची रात्र त्यातून वगळली तर मोठं खिंडार पडतं.

इतकी उंची आणि इतकं दूर जायची गरज का, जव्हारच्या पठारावर हे का होत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. पहिलं कारण पाऊस. जव्हार-मोखाड्यात जून ते सप्टेंबर आकाश बंद. अबूलाही पावसाळ्यात दुर्बीण झाकून ठेवावी लागते. दुसरं कारण दमट हवा, जी नेमका निळा आणि अतिनील प्रकाश गिळते. तिसरं उंची. हॅन्लेला, समुद्रसपाटीपासून 4,270 मीटरवर, वर्षाव डोक्याच्या अधिक जवळ घडतो, मधली हवा विरळ आणि कोरडी असते, त्यामुळे जास्त निळा प्रकाश आरशापर्यंत पोचतो. तिथे वर्षातल्या सुमारे 260 रात्री निरीक्षणाच्या मानल्या जातात. आणि हॅन्लेच्या अक्षांशावर मार्केरियन 421 जवळजवळ डोक्यावरून जाते. तिच्यासाठी याहून बरी जागा शोधायची गरज नाही.

या जागी भाभा केंद्राने मेस ही गॅमा दुर्बीण उभी केली. 4 ऑक्टोबर 2024 रोजी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अजित कुमार मोहंती यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, पण तिच्या कॅमेऱ्याने पहिले वर्षाव 2021 च्या वसंतातच पाहिले होते. आरशाचा व्यास 21 मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी उभी परात. आशियात चेरेन्कोव्ह दुर्बिणीचा इतका मोठा आरसा दुसरा नाही, आणि या जातीची इतक्या उंचीवरची दुर्बीण जगात दुसरी नाही. तिचा सांगाडा हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने घडवला. आधी हैदराबादला जोडून पाहिला, मग सुटा करून लडाखला नेला.

तिच्याजवळ थोडं थांबावंसं वाटतं. वर घुमट नाही. 180 टनांचं हे धूड उघड्यावर उभं असतं आणि 27 मीटर व्यासाच्या गोल रुळावर सहा चाकांवर फिरतं. आरसा एकसंध नाही. अर्ध्या मीटरच्या आसपास बाजू असलेले 1,424 चौकोनी तुकडे, चार-चारच्या 356 पॅनेलांत बसवलेले. हे तुकडे काचेचे नाहीत. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ धातूच्या गाभ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि तो हिऱ्याच्या टोकाने कातून आरशाइतका गुळगुळीत केलेला. काच इतकी मोठी केली असती तर वजन पेललं नसतं. दुर्बीण आकाशात झुकली की सांगाडा स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो, म्हणून प्रत्येक पॅनेलमागे मोटारी आहेत, ज्या ते सतत जागेवर आणतात. आरशासमोर 25 मीटरवर हजार किलोंहून जड कॅमेरा टांगलेला. त्यात 1,088 फोटोमल्टिप्लायर नळ्या, सोळा-सोळाच्या 68 संचांत. एकेका नळीचा संकेत सेकंदाला शंभर कोटी वेळा मोजला जातो, कारण चमकच तेवढी क्षणिक. दिवसा कॅमेऱ्याची झापडं बंद. हिवाळ्यात पारा उणे 25 च्याही खाली जातो, श्वासाला प्राणवायू कमी, आणि काम मात्र चंद्र नसलेल्या रात्रभर. तिथे पाळी करणाऱ्या तंत्रज्ञांचं नाव शोधनिबंधात नेहमी येतंच असं नाही; मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मोठ्या आरशाचा फायदा कमी ऊर्जेकडे होतो. टॅक्टिकला टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचेच गॅमा कण दिसत. मेस वीस-तीस गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली उतरू शकते. याला महत्त्व आहे, कारण फार जोरकस गॅमा कण दूरच्या प्रवासात ताऱ्यांच्या विखुरलेल्या प्रकाशावर आदळून नाहीसे होतात. ऊर्जा जितकी कमी, तितक्या दूरच्या दीर्घिकांपर्यंत नजर पोचते.

उद्घाटनाआधीच मेसने कमाई दाखवली. ययाति समूहात, सुमारे 23 कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी 1275 ही दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छाच्या मधोमध बसलेली दीर्घिका आहे. तिचा झोत आपल्याकडे थेट रोखलेला नाही, थोडा तिरका आहे, म्हणून ती ब्लेझार नव्हे, रेडिओ दीर्घिका. अशांचे गॅमा भडके विरळा. डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 मध्ये मेसने तिचे दोन भडके टिपले, आणि त्यातला पहिला क्रॅबच्या तोडीचा होता. झोत तिरका असूनही एवढं तेज आणि एवढी घाई कशी, हा प्रश्न त्या नोंदींनी अधिक टोकदार केला. अशा दीर्घिकेत झोताच्या रोखामुळे मिळणारं आकुंचन कमी, त्यामुळे ‘झोत वेगवान आहे म्हणून’ हे नेहमीचं उत्तर इथे लंगडं पडतं. नव्या दुर्बिणीची पहिली महत्त्वाची नोंद अशी प्रश्न वाढवणारी असावी, याहून चांगलं काय?

पृथ्वीवर हॅन्ले कुठे आहे, हे यात निर्णायक ठरतं. मॅजिक ला पाल्मात, हेस नामिबियात, व्हेरिटास अ‍ॅरिझोनात. उभारणी चालू असलेली चेरेन्कोव्ह टेलिस्कोप अ‍ॅरे ही जागतिक वेधशाळाही ला पाल्मात आणि चिलीत. हॅन्लेला अंधार पडतो तेव्हा ला पाल्मात अंधार पडायला साडेसहा तास अवकाश असतो आणि अ‍ॅरिझोनात उजाडत असतं. काही मिनिटांचा भडका कुणाच्या रात्रीची वाट पाहत थांबत नाही. त्या तासांत फर्मीने किंवा दुसऱ्या कुणी इशारा दिला, तर इतक्या कमी ऊर्जेपर्यंत पाहू शकेल असा मोठा आरसा आपल्याकडेच आहे.

पण तो एकटा आहे, आणि ही उणीव लपवण्यासारखी नाही. एकाच दुर्बिणीला वर्षाव एका बाजूने दिसतो. तो किती उंचीवर झाला, नेमका कुठून आला, गॅमाचा की प्रोटॉनचा, हे सांगताना तिचा हात आखडतो. दोन जागांहून तोच वर्षाव पाहिला की हे सगळं कितीतरी पक्कं होतं. हेसने 2004 पासून चार दुर्बिणींनी काम केलं. मॅजिकने पाच वर्षं एकटं राहून 2009 मध्ये दुसरी जोडली आणि तिची ताकद स्पष्ट वाढली. हॅन्लेला जागा आहे, अंधार आहे, आणि डिसेंबर 2022 पासून लडाख प्रशासनाने तो अंधार राखीव म्हणून जाहीरही केला आहे. सांगाडा, धातूचे आरसे, कॅमेरा हे सगळं देशात घडवून झालंय, म्हणजे अवघड शिक्षण पार पडलंय. ट्रॉम्बेने आता मेसच्या शेजारी दुसरी मेस उभी करावी, आणि अणुऊर्जा विभागाने त्यासाठी पैसे द्यावेत. मार्केरियन 421 चा पुढचा मोठा भडका हॅन्लेच्या रात्री आला, तर तो दोन डोळ्यांनी पाहायला हवा.